ग्लेत्ताच्या अंगावरचा हिवाळा

ओड्नीच्या बापाचा एक नियम होता. बाप जाऊन चौदा वर्षं झाली, पण नियम काही गेला नव्हता. बिऱ्हाडाच्या दिवसांपर्यंत ज्या घोड्याने अंगावरचा हिवाळा उतरवला नाही, त्याला उन्हाळा दाखवायचा नाही. बिऱ्हाडाचे दिवस म्हणजे जूनच्या तोंडाशी येणारे चार दिवस, गुरुवारपासूनचे. पूर्वी याच दिवसांत गडीमाणसं एक वाडी सोडून दुसरीवर जायची, कुळं आपलं किडूकमिडूक घोड्यावर लादून जमीन बदलायची. आता गडी राहिले नाहीत आणि कुळंही, पण खोऱ्यातली म्हातारी माणसं तारखा अजून त्याच धरतात. आणि नियमात दुष्टपणा नव्हता. जनावराच्या आत काही बिघडलं की ते वसंतात केस टाकत नाही, आणि पुढचा हिवाळा उभ्या उभ्या झिजत काढतं. त्यापेक्षा ओढ्याकाठी नेऊन एकदाच संपवलेलं बरं, असं बापाचं म्हणणं. तोर्फीचंही तेच. तोर्फी म्हणजे ओड्नीचा भाऊ, सहासष्ट वर्षांचा, आणि बापाची सहीसही नक्कल, फक्त बाप अधूनमधून हसायचा.

ओड्नी आली होती एका हिवाळ्यापुरती. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, आकुरेरी गावात एका शिवणकामाच्या दुकानात नोकरीला. खोलीची किल्लीसुद्धा तिने घरमालकिणीला परत केली नव्हती, वसंतात जायचंच आहे म्हणून. मग आई अंथरुणावर नऊ वर्षं जगली. तिच्यामागे बाप आठ वर्षं. त्यानंतर तोर्फी गवताच्या कोठारावरून पडला आणि त्याची पाठ गेली. या घरातली माणसं ओड्नीला कधी थांब म्हणाली नाहीत, ती फक्त एकामागून एक पडत गेली. अशी एकतीस वर्षं. किल्ली अजून शिवणाच्या डब्यात होती. ती ज्या दाराची, ते घर पाडून तिथे बँक झाली होती.

तीन वर्षांपूर्वी तिने पेटी भरली होती. तोर्फीने पेटीकडे पाहिलं, खडीसाखर दातात धरून कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, "आणि ग्लेत्ता?"

"तिचं काय?"

"माझ्या हातून ती खात नाही."

हे खरंच होतं, म्हणजे खोऱ्यात सगळे तसं धरून चालायचे. ग्लेत्ता ही ओड्नीची घोडी. इकडे आल्यावर दुसऱ्याच वसंतात ओड्नीने तिला स्वतःच्या हातांनी आईच्या पोटातून ओढून काढलं होतं. मातकट रंगाची, पाठीवर काळी रेघ, आणि नावाप्रमाणेच खोडकर. ग्लेत्ता म्हणजे खोडी. फाटकाची कडी तोंडाने काढणं हा तिचा तरुणपणीचा धंदा.

"ती असेपर्यंत थांब," तोर्फी म्हणाला. "मग मी अडवणार नाही."

ग्लेत्ता तेव्हा सव्वीस वर्षांची होती, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. फार तर एक हिवाळा काढेल. "बरं," ओड्नी म्हणाली, "ग्लेत्ता असेपर्यंत." एका हिवाळ्याच्या हिशेबाने आपण पूर्वी एकदा फसलो आहोत, हे तिला पेटी परत पलंगाखाली सरकवताना आठवलं.

घोडी मेली नाही. पुढच्या दोन्ही वसंतांत ती केस टाकायला उशीर लावू लागली, आणि दोन्ही वेळा ओड्नी खरारा घेऊन तिच्यामागे लागली. सकाळी मान आणि खांदे, संध्याकाळी पोट आणि मांड्या, बोटांची सालं निघेपर्यंत. बिऱ्हाडाच्या गुरुवारी तोर्फी कुंपणाशी आला की तिने सांगायचं, "टाकले बघ हिने केस," आणि तोर्फीने मान हलवून परत जायचं. असं का करत होती ती? घोडी गेली असती तर ती मोकळी झाली असती, हे तिला कळत नव्हतं थोडंच. पण मनातल्या खोलीला डोळे नसतात, आणि समोर उभ्या असलेल्या जनावराला असतात.

यंदा एप्रिलात, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, तिने पुन्हा खरारा काढला. इथला उन्हाळा आधी पंचांगात येतो आणि अंगणात सहा आठवड्यांनी, त्यामुळे पायाखाली बर्फच होता. बाकीच्या दोन घोड्यांच्या अंगावरून मूठमूठ केस निघाले. वाऱ्यावर उडून ते तिच्या कोटाला, पापण्यांना, ओठांना चिकटले. हे केस मग जूनपर्यंत लोण्यातसुद्धा सापडतात. ग्लेत्ताच्या अंगावर मात्र तिने खरारा गोल गोल फिरवला, दाबून फिरवला, उलटा फिरवला, आणि दात रिकामेच आले. केस चार बोटं लांब, कुरळे, मुळाशी घट्ट. घोडी त्या जाड केसांच्या कोटात घाम फुटून उभी होती, नोव्हेंबरात अडकून पडल्यासारखी.

मग ओड्नीच्या मनात जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला. आता झालं, सुटले, असं तिच्या मनाने अगदी स्पष्ट शब्दांत म्हटलं, आणि त्याच क्षणी ग्लेत्ताने मान वळवून तिच्या खिशात नाक खुपसलं, काळ्या पावाचा तुकडा शोधायला. ओड्नीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने दोन तुकडे दिले. पण खरारा तिने पागेतल्या खिळ्याला टांगला, आणि या वर्षी तो पुन्हा काढायचा नाही असं ठरवलं. मारायचं नाही, वाचवायचंही नाही. नियम काय म्हणेल ते खरं.

त्याच आठवड्यात तिने हाल्बेराला फोन केला. हाल्बेरा तिची शाळेतली मैत्रीण, आकुरेरीत राहणारी, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली. तिच्याकडे एक जास्तीची खोली होती.

"रंग दिलाय खोलीला," हाल्बेरा म्हणाली. "पिवळा. तू आली नाहीस तर कोंबड्या ठेवीन त्यात."

"येते गं."

"मागच्या वर्षीही येते म्हणाली होतीस. त्याच्या मागच्या वर्षीही."

"यंदा ग्लेत्ता केस टाकत नाहीये."

"घोडीचे केस आणि तुझं आयुष्य, यांचा काय संबंध आहे ते एकदा मला समजावून सांग," हाल्बेरा म्हणाली. "पण आल्यावर. रोज संध्याकाळी पोहण्याच्या तलावावर जाऊ, गरम पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसू आणि सगळ्या गावाची निंदा करू. बिऱ्हाडाच्या गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन येते."

गरम पाण्याचा तो हौद ओड्नीच्या डोक्यात बसला. मे महिन्यात मेंढ्या व्यायला लागल्या, भाऊबहीण आळीपाळीने गोठ्यात जागू लागले, कपड्यांना कोकरांच्या चिकाचा वास बसला, आणि त्या सगळ्यात ती मनातल्या मनात मानेपर्यंत गरम पाण्यात बसलेली असायची.

मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुंपणाच्या तारेवर तिला केसांचा पुंजका दिसला. मातकट. ती थांबली. पुढे आणखी एक पुंजका, आणि खांबापाशी गवतात मूठभर. ग्लेत्ता उतारावर चरत होती. तिच्या मानेवरचा आणि खांद्यावरचा भाग हलका दिसत होता, चांगला तळहाताएवढा.

टाकले हिने केस. घोडामैदान अजून तीन आठवडे लांब होतं आणि घोडीने शर्यत आत्ताच जिंकली होती. तिसाव्या वर्षात पाऊल टाकणारं जनावर, त्याला कोण मारणार आता? पिवळी खोली कोंबड्यांची. पुढच्या वर्षी मी एकसष्ट, त्याच्या पुढे बासष्ट, आणि हे असं चालत राहणार. ती तारेला धरून उभी राहिली, आणि जवळच धोबी पक्षी शेपूट हलवत तेच केस चोचीत गोळा करून घरट्याकडे नेत होता, त्याला कसलीच अडचण नव्हती.

उगाच हाताला चाळा म्हणून तिने तारेवरचा पुंजका काढून बोटांत चोळला. आणि थबकली. पन्नास वसंत घोड्यांचे केस अंगावर झेललेल्या बाईला काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्या लागत नाहीत. झडलेला केस मुळापासून येतो, दोन्ही टोकांना निमुळता. हे केस एका टोकाला कापणीनंतरच्या धसकटांसारखे थोटके होते, सगळे एका रेषेत.

हे झडलेले नव्हते. कुणीतरी कापले होते. आणि वाडीवर माणसं दोनच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. मे महिन्यात इथे त्या वेळी लख्ख उजेड असतो. तोर्फी कुंपणापाशी होता, पाठ वाकवून, त्या दुखऱ्या पाठीने. हातात मेंढ्या भादरायची कात्री. तो चिमटीत थोडे केस धरायचा, मुळाशी कापायचा, मग त्या जागेवर ब्रशने चोळायचा, कापल्याची पायरी दिसू नये म्हणून. पुंजका तारेला अडकवायचा. एक पाऊल मागे जाऊन बघायचा. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात इतका नाजूकपणा त्याने कशालाच दाखवला नसेल.

दार उघडून बाहेर जावं आणि विचारावं, हे काय चाललंय? पण विचारायचं म्हणजे पुढचं वाक्यही बोलावं लागणार. तू हिचे केस कापू नकोस, म्हणजे काय? म्हणजे मला ही मेलेली हवी आहे. हे वाक्य या घरात, त्या भावासमोर, तोंडातून काढणं ओड्नीला शक्य नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने कॉफी ठेवली.

तोर्फी आत आला, हात धुतले, बसला. त्याच्या बाहीवर केस होते.

"ग्लेत्ता केस टाकतेय म्हणे," ओड्नी म्हणाली.

"टाकतेय."

"यंदा लवकर."

"लवकर." त्याने खडीसाखर दातात धरली. "म्हातारी चिवट आहे."

"आपल्या घरात सगळेच चिवट."

तोर्फीने रेडिओ लावला, हवामानाचा. अळीमिळी गुपचिळी. पुढचे दहा दिवस भाऊ पहाटे कापत राहिला आणि बहीण खिडकीतून बघत राहिली, आणि न्याहारीला दोघं घोडीच्या प्रकृतीबद्दल समाधान व्यक्त करत राहिली. कधी कधी ओड्नीला इतका संताप यायचा की ती भांडी आपटायची. आपल्याला कोंडलंय हे तिला दिसत होतं, कोण कोंडतोय तेही दिसत होतं, आणि तरी त्याला सूप वाढताना मांसाचा चांगला तुकडा ती त्याच्याच ताटलीत घालत होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फाचं वादळ आलं. दर वर्षी येतंच. कोकरं बाहेर काढली, हिरवळीचा पहिला कोंब दिसला, की उत्तरेकडून ते येतं, आणि खोऱ्यातला कुठलाही शहाणा माणूस त्याच्याआधी घोड्याच्या अंगावरचा एक केससुद्धा कमी करत नाही. तोर्फीला हे पाळण्यात शिकवलेलं. पण यंदा त्याच्या डोक्यात तारीख एकच होती, बिऱ्हाडाची.

दोघं धावपळ करून मेंढ्या आत घेईपर्यंत दुपार झाली. ग्लेत्ता सापडली दगडी भिंतीच्या आडोशाला, शेपूट वाऱ्याकडे करून. भादरलेल्या मानेवर आणि पाठीवर बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि ते पाणी पुन्हा गोठलं होतं. ती इतकी थरथरत होती की दातांचा आवाज येत होता. तोर्फीने पुढून म्होरकी धरली, ओड्नीने मागून रेटलं, आणि शंभर पावलांवरच्या पागेत तिला नेईपर्यंत अर्धा तास गेला.

आत त्यांनी तिला वाळल्या गवताच्या पेंढ्यांनी चोळलं, एक एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. पोती घातली. ओड्नीने अंगातला लोकरीचा स्वेटर काढून तिच्या छातीला बांधला, तोर्फीनेही आपला काढला. घोडीच्या पाठीवरून एकमेकांचे फक्त चेहरे दिसत होते.

"किती दिवस कापतोयस?" ओड्नीने विचारलं.

पेंढी थांबली नाही. "तुला ठाऊक होतं."

"आंधळी नाही मी. थोटक्या टोकांचे केस तारेवर लावून ठेवलेस आणि वर चिवट म्हणतोस. तिला मारायला निघाला होतास तू, कळतंय का? मला इथे बांधून ठेवायला हिला उघडं पाडलंस."

तोर्फी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या भुवयांवरचा बर्फ वितळून गालावर येत होता. "बांधून?" तो म्हणाला. "मी तर तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी!"

"मागची दोन वर्षं तू काय केलंस? बोटांतून रक्त येईपर्यंत खरारा केलास. गुरुवारी माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, टाकले बघ केस. अर्ध्या अंगावर होते तेव्हाही. मला दिसत नव्हतं? मी म्हटलं, हिला जायचं नाहीये. तोंडाने म्हणत नाही, आपल्यात कुणी म्हणतं का? पण हिला राहायचंय, म्हणून घोडीला वाचवतेय." त्याने पेंढी बदलली. "यंदा तू खरारा खिळ्याला टांगलास. मला वाटलं हात दुखत असतील तुझे. वयच झालं. म्हणून मी घेतलं हातात."

ओड्नी ज्याला दोन वर्षं दया समजत होती, ते भावाने होकार म्हणून वाचलं होतं. आणि तो ज्याला मदत समजत होता, ते तिने कुलूप म्हणून. तीन वर्षं दोघं एकाच घोडीला दोन्हीकडून चोळत होती आणि मध्ये ती घोडी होती, म्हणून कुणाला कुणी दिसलं नाही.

"मला जायचंय, तोर्फी," ती म्हणाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"हं," तो म्हणाला. आणि चोळत राहिला.

वादळ दोन दिवसांनी शमलं, पण ग्लेत्ताचा खोकला थांबेना, म्हणून पशुवैद्य बोलावली. सुन्नेवा नावाची तिशीतली पोरगी. तिने घोडी तपासली, ते लांब कुरळे केस बोटांनी उकलून पाहिले आणि रक्त काढून नेलं. चार दिवसांनी ती औषधाची बाटली घेऊन आली आणि बरणीचं झाकण उघडावं इतक्या सहज म्हणाली, "म्हातारपणचा आजार आहे, डोक्यातली एक ग्रंथी बिघडते. म्हणूनच केस टाकत नाही. रोज एक गोळी, पावात घालून द्यायची. केस उन्हाळ्यात भादरायचेच असतात अशा घोड्यांचे, कुणी कापले ते चूक नाही केलं, फक्त घाई केली. फुप्फुसं स्वच्छ आहेत. दात तर मस्तच. चार-पाच वर्षं आरामात काढेल."

तिला वाटलं ती चांगली बातमी देतेय. ओड्नीने तिला कॉफी पाजली, गाडीपर्यंत सोडलं, आणि गाडी बाहेर पडल्यावर फाटक लावलं. हे तिचंच काम होतं. फाटकाचा बिजागर वाकलेला, ते उचलून धरून साखळी खांबाच्या आकड्यात अडकवावी लागायची, आणि येणारा कुणीच ते नीट लावू शकायचा नाही. एकतीस वर्षं माणसं बाहेर गेली होती आणि तिने आतून फाटक लावलं होतं.

चार-पाच वर्षं. तिने हाल्बेराला फोन केला, येऊ नकोस म्हणाली. ग्लेत्ता जगणार आहे.

"अरे वा, अभिनंदन," हाल्बेरा म्हणाली. "मी गुरुवारी येणारच. एकटी परत जावं लागलं तर एकटी जाईन. पेट्रोल माझं, रस्ता सरकारचा."

ओड्नीने पेटी भरली नाही. रोज सकाळी ती पावाच्या तुकड्यात गोळी दडवून ग्लेत्ताला द्यायची, आणि घोडी तिचा तळहात चाटायची. तिच्या त्या ऊबदार, केसाळ ओठांचा स्पर्श ओड्नीला आवडायचा आणि त्याच वेळी नकोसाही व्हायचा. आपण हिचं आयुष्य रोज एकेक दिवसाने लांबवतोय आणि तेवढंच आपलं मागे ढकलतोय, हा विचार तिच्या मनातून जाईना. घोडीवरचं प्रेम खरं होतं. ती मरत नाही याचा रागही तितकाच खरा होता.

गुरुवारी सकाळी ती पाव घेऊन पागेत गेली तर पागा रिकामी. म्होरकी खिळ्यावर नव्हती. ती घरात परतली, आणि बाहेरच्या खोलीतलं बंदुकीचं कपाट उघडं दिसलं.

ओड्नी धावली. साठाव्या वर्षी, रबरी बुटांत, ओल्या गवतातून. ओढ्याकाठी जिथे बाप म्हातारे घोडे न्यायचा त्या वाळूच्या पट्ट्यावर तोर्फी उभा होता, बंदूक खांद्याला, दावं हातात. ग्लेत्ता त्याच्या शेजारी पाण्याकडे बघत होती. तिला खरारा केलेला होता, आयाळ विंचरलेली, पाठीवरची काळी रेघ चकाकत होती.

"काय करतोयस?"

"नियम आहे," तोर्फी म्हणाला. "केस झडले नाहीत. कापले. कापलेले धरायचे नसतात."

"सुन्नेवाने काय सांगितलं ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. चार-पाच वर्षं." तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या हनुवटीला दाढी करताना कापलं होतं. आजच्या दिवसासाठी त्याने दाढी केली होती. "हाल्बेरा दहाला येणार. तू म्हणाली होतीस, ग्लेत्ता असेपर्यंत. तुझा शब्द मी कसा मोडणार? तुला सोडवायला दुसरं काय आहे माझ्याकडे?"

ओड्नीला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तिने त्याच्या हातातलं दावं ओढून घेतलं. "म्हणजे हिला मारून मी जाऊ? आणि गरम पाण्यात बसून काय आठवू, हे वाळूवरचं?"

"मग राहा."

"राहायचंही नाही मला."

"मग मी काय करू ते तरी सांग," तोर्फी म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. हा माणूस आईबापाच्या शवपेटीला खांदा देताना रडला नव्हता.

ग्लेत्ता तेवढ्यात कंटाळली. तिने मान लांब केली आणि तोर्फीच्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं, अगदी सवयीने, डाव्या खिशात. तोर्फी दचकला. त्याने हात घालून पावाचा तुकडा काढला, आणि घोडीने तो त्याच्या तळहातावरून उचलून खाल्ला, आणि तळहात चाटला.

ओड्नी बघत राहिली. "कधीपासून?" तिने विचारलं.

तोर्फीने हात पँटला पुसला. चोर पकडला गेल्यावर जसा बघतो तसा त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू दात काढायला आकुरेरीला गेली होतीस, तीन दिवस. तेव्हापासून."

"त्याला दहा वर्षं झाली, तोर्फी."

"हं."

दहा वर्षं. म्हणजे तिने पेटी भरली तेव्हाही, तो खडीसाखर दातात धरून माझ्या हातून खात नाही म्हणाला तेव्हाही, ही घोडी त्याच्या हातून खात होती. तिला त्याला मारावंसं वाटलं. आणि मग त्याहून वाईट गोष्ट तिच्या लक्षात आली. तो खोटं बोलला खरा, पण ते पडताळून पाहायला तिला काय लागलं असतं? एक पावाचा तुकडा. तिने तीन वर्षांत एकदाही त्याच्या हातात तो ठेवून पाहिला नव्हता. घोडी कुणाच्या हातून खाते ते तिला कळूनच घ्यायचं नव्हतं. शब्द ग्लेत्ताने मागितला नव्हता. या दाराची कडी दोन्ही बाजूंनी धरलेली होती, आणि आतल्या बाजूला तिचा स्वतःचा हात होता.

मग तिने खिशातला गोळी घातलेला पाव काढला आणि भावाच्या तळहातावर ठेवला.

"दे," ती म्हणाली.

त्याने दिला. ग्लेत्ताने खाल्ला.

"रोज सकाळी. विसरलास तर उभी राहून ओरडते, त्यामुळे विसरणार नाहीस. पोटाखाली खरारा हलका कर, तिथे तिला गुदगुल्या होतात, लाथ मारेल. जुलैत पुन्हा भादर. आणि वादळाच्या आधी हात लावलास तर मी तिथून येऊन तुला भादरेन."

"ती असेपर्यंत म्हणाली होतीस," तोर्फी हळूच म्हणाला. हट्टाने नव्हे, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"म्हणाले होते," ओड्नी म्हणाली. "मोडतेय. ती असताना जातेय."

पेटी भरायला वीस मिनिटं लागली. एकतीस वर्षांचं तेवढंच निघालं. शिवणाच्या डब्यातली ती किल्ली तिने खिडकीत ठेवली. हाल्बेरा दहाला आली, स्वयंपाकघरात उभ्यानेच कॉफी प्यायली, दोघांचे चेहरे पाहिले आणि कप विसळून पालथा घातला. तोर्फीने पेटी गाडीत ठेवली. भाऊबहिणींनी हात मिळवले. ओड्नीच्या कोटावर मातकट केस होते, ते झटकायला त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

गाडी फाटकापाशी आली. ओड्नी सवयीने उतरली, बिजागर उचलून फाटक उघडलं, गाडी बाहेर गेली. मग ती फाटकाला धरून उभी राहिली, आत. हात आपोआप साखळीकडे गेले होते. पलीकडे हाल्बेराची गाडी घरघरत होती. अलीकडे अंगणात तोर्फी ग्लेत्ताचं दावं धरून उभा होता, आणि घोडी त्याच्या खिशात नाक घालून होती, हिच्याकडे बघतही नव्हती. चार पावलांचं अंतर. पाय उचलेनात.

मग ती फाटकातून बाहेर आली, आणि वळून फाटक ओढून घेतलं. बाहेरून ते कसं लावायचं हे तिला ठाऊक नव्हतं. साखळी उलट्या बाजूने येत होती, आकडा सापडत नव्हता.

"दोनदा अडकव," तोर्फीने अंगणातून हाक दिली. "मेंढ्या ढकलतात."

तिने दोनदा अडकवली.